बागायतदारानं परदेशातलं फळप्रदर्शन कसं पाहावं

बर्लिनचं 'फ्रूट लॉजिस्टिका' हे फळं-भाजीपाल्याचं जागतिक प्रदर्शन दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन दिवस भरतं. नेमक्या त्याच दिवसांत पिंपळगाव बसवंत, उगाव, शिवडी, पालखेड, रानवड या पट्ट्यात द्राक्षाची काढणी ऐन भरात असते. बागेत मजूर, दारात गाडी, पॅकहाऊसचा फोन. त्यामुळे ज्याच्या मालावर हा सगळा व्यवहार उभा आहे तो बागायतदारच या प्रदर्शनात सर्वांत कमी दिसतो. निर्यातदार दिसतात, औषध कंपन्यांची माणसं दिसतात, बॉक्स आणि पनेट बनवणारे दिसतात. बाग पिकवणारा मात्र घरी असतो, आणि युरोपात आपल्या द्राक्षाचं काय झालं हे त्याला एप्रिलमध्ये हिशोबपट्टीतून कळतं.

म्हणून हा लेख त्याच्यासाठी आहे. पाच-दहा एकर बाग, त्यातला काही माल एक्स्पोर्टला, काही लोकलला, घरात एक तरी शिकलेला मुलगा, मुलगी किंवा सून, आणि एकदा तरी 'बाहेर' काय चाललंय ते बघायची इच्छा. अशा माणसानं तिथे विकायला जाऊ नये, बघायला जावं. पहिल्या भेटीत कंटेनरची ऑर्डर घेऊन येईन अशी आशा धरली की तीन दिवस खरेदीदारांच्या मागे फिरण्यात जातात आणि जे खरोखर शिकण्यासारखं असतं ते नजरेतून सुटतं. आपलं द्राक्ष खरेदीदाराच्या टेबलावर, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षाशेजारी ठेवल्यावर कसं दिसतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं एवढाच पहिल्या वारीचा हेतू ठेवा.

कोणतं प्रदर्शन, कोणत्या महिन्यात

प्रदर्शनाची निवड त्याच्या नावलौकिकावर करू नका, छाटणीच्या वेळापत्रकावर करा. बर्लिन सर्वांत मोठं आणि आपल्या युरोपच्या मालासाठी सर्वांत महत्त्वाचं, यात वाद नाही. पण घरी काढणी सांभाळणारा भाऊ किंवा मुलगा असेल तरच ते जमतं. दुबईचं 'गल्फूड' जानेवारी-फेब्रुवारीत येतं, दिल्लीचं 'आहार' मार्चमध्ये. दोन्ही पुन्हा काढणीत.

एकट्यानं बाग बघणाऱ्याला माझा सल्ला हाँगकाँगच्या 'एशिया फ्रूट लॉजिस्टिका'चा. ते सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतं, म्हणजे गोडी छाटणीच्या आधी. ज्यांची छाटणी ऑगस्टमध्येच सुरू होते अशा अगाप बागांचा अपवाद सोडला, तर निफाड तालुक्यात तेव्हा चार-पाच दिवस काढता येतात. प्रदर्शनाची जागा, एशियावर्ल्ड-एक्स्पो, विमानतळाला लागूनच आहे, त्यामुळे शहरातली धावपळ नाही. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत असते आणि तिच्यावर १४ दिवसांपर्यंत राहता येतं. आकार बर्लिनपेक्षा कितीतरी लहान, पण चिली, पेरू, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त असे आपले बहुतेक स्पर्धक एकाच ठिकाणी भेटतात. पहिल्या वेळेला हे सोयीचं पडतं.

त्याहूनही आधी सराव हवा असेल तर दिल्लीला 'वर्ल्ड फूड इंडिया' बघा. २०२४ आणि २०२५ मध्ये ते भारत मंडपममध्ये सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरलं होतं. पासपोर्ट-व्हिसा काही नाही, आणि वेगवेगळ्या देशांच्या दालनांत शिरून अनोळखी माणसाशी बोलायची भीड तिथेच मोडते.

सगळं कुटुंब घेऊन, सौद्याचा विचार न करता, देशोदेशींची दालनं आणि खाणं बघायचं असेल तर जपानमधल्या योकोहामाचं आंतरराष्ट्रीय उद्यानविद्या प्रदर्शन लक्षात ठेवा. ते १९ मार्च ते २६ सप्टेंबर २०२७ या काळात आहे. २०२५ मध्ये ओसाकाला जे जागतिक प्रदर्शन झालं, ज्यात भारताचंही दालन होतं, त्याच जातकुळीचं, पण फुलं, फळं आणि शेतीवर भर असलेलं. खरड छाटणी उरकून काड्या तयार होत असतात त्या मे-जूनच्या दिवसांत ते बघता येईल. मात्र अशी प्रदर्शनं सर्वसामान्य लोकांसाठी असतात. बर्लिन आणि हाँगकाँगची व्यापारी आहेत. तिथे तिकीट काढताना तुमचा धंदा काय हे भरावं लागतं. 'उत्पादक' असं अभिमानानं भरा.

बर्लिनबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिची गफलत अनेकांची होते. त्याच मैदानावर जानेवारीत 'ग्र्यूने वोखे', म्हणजे हरित सप्ताह, नावाचं दुसरं प्रदर्शन असतं. ते १९२६ पासूनचं. तिथे प्रत्येक देशाचं दालन, प्रत्येकाचं खाणं-पिणं, आणि जर्मन कुटुंबं पोराबाळांसह हजारोंनी येतात. बघायला फार छान आहे, पण द्राक्षाचा खरेदीदार तिथे भेटत नाही. विमानाचं तिकीट काढताना नाव आणि तारीख दोनदा तपासा.

डिसेंबरातली तयारी

फेब्रुवारीत बर्लिनला जायचं तर हालचाल दिवाळीनंतर लगेच सुरू करावी लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो, पण पंधरा दिवसांवर कोणीही विसंबू नये. फी प्रौढांना ९० युरो. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा आहे.

शेतकऱ्याची खरी अडचण बँकेच्या खात्याची असते. व्हिसाला मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, आणि आपलं खातं डिसेंबरात वर्षातलं सर्वांत रिकामं असतं. छाटणी, डिपिंग, थिनिंग, औषधं, मजुरी, सगळा पैसा बाहेर गेलेला आणि आत अजून रुपया नाही. नोकरदाराच्या नजरेनं बघणाऱ्याला हे खातं संशयास्पद वाटू शकतं. त्यासाठी मागच्या हंगामाच्या हिशोबपट्ट्या, त्या काळातलं जमा दाखवणारं स्टेटमेंट, सातबारा आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, बागेची निर्यातीसाठी केलेली नोंदणी, आणि पैसा हंगामात कसा येतो हे सांगणारं साध्या इंग्रजीतलं एक पानाचं पत्र जोडा. जमीन आणि उभं पीक इथे असणं हा तुम्ही परत येणार याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो नीट मांडा.

खर्चाला हातभार म्हणून राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्याची योजना आहे. निम्मा खर्च, ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, सरकार देतं. सातबारा स्वतःच्या नावावर आणि पासपोर्ट आधीपासून हातात असावा लागतो. ज्यांची निवड होता होता राहते त्यांतल्या बऱ्याच जणांचं कारण पासपोर्ट नसणं हेच असतं. दौऱ्याचा मार्ग आणि तारखा सरकार ठरवतं, त्या प्रदर्शनाशी जुळतीलच असं नाही. निफाडच्या तालुका कृषी कार्यालयात चौकशी करून ठेवा, पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. पासपोर्ट मात्र आजच काढा.

आता व्हिजिटिंग कार्ड. आपल्याकडे कार्डावर 'प्रगतिशील शेतकरी' आणि हातात घड घेतलेला फोटो असतो. तिथे त्याचा उपयोग नाही. कार्डावर हवं ते एवढं: नाव, गाव, एकर, वाणांची नावं, ग्लोबल गॅप असेल तर त्याचा तेरा आकडी क्रमांक, आणि काढणीचे आठवडे. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. युरोपचा फळव्यापार महिन्यांत बोलत नाही, आठवड्यांच्या आकड्यांत बोलतो. वर्षाचे ५२ आठवडे, एक जानेवारीच्या आसपास पहिला. 'फेब्रुवारी-मार्चमध्ये माल येतो' म्हटलं तर समोरचा मान डोलावून गप्प बसतो. 'थॉमसन, आठवडा ७ ते १०, मण्याचा आकार १८ मिलिमीटरच्या वर' म्हटलं की तो वही उघडतो. बोट रॉटरडॅमला पोहोचायला लागणारे दिवस मिळवून तो लगेच मनात हिशोब करतो, की पेरूचा माल संपत असताना हा माणूस बसतो का. जाण्याआधी आपल्या प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख काढा आणि काढणी आठवड्यांच्या आकड्यांत लिहून पाठ करा.

सामानात काय घालायचं, काय नाही

घरची शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, चिवडा, तेलातल्या दशम्या न्या. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. दूध आणि मांसापासून बनलेले पदार्थ बाहेरून युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून न्यायला बंदी आहे.

आणि द्राक्षं नेऊ नका. हे मुद्दाम लिहितोय, कारण बागायतदाराच्या मनात पहिला विचार तोच येतो, की माझा चांगला एखादा घड डब्यात घालून घेऊन जाऊ, कोणाला तरी दाखवू. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळं सोडून बाकी कोणतंही ताजं फळ फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. विमानतळावर ते काढून घेतात, आणि परदेशात आपली पहिली ओळख नियम मोडणारा म्हणून होते. नमुना दाखवायचाच असेल तर अपेडाच्या दालनात माल मांडणाऱ्या निर्यातदाराकडून रीतसर कागदपत्रांसह तो जाऊ शकतो. आपल्यासाठी बागेचे चांगले फोटो पुरेत, पण तेही नीट काढलेले. घड हातात, शेजारी मण्याचा आकार मोजायची रिंग, आणि फोटोवर तारीख.

बर्लिनची फेब्रुवारीतली थंडी निफाडच्या थंडीसारखी पहाटेपुरती नसते, दिवसभर असते, आणि पाचच्या सुमाराला अंधारतं. बूट मात्र थंडीपेक्षा चालण्यासाठी घ्या. वीसहून अधिक हॉल आहेत, आणि संध्याकाळपर्यंत पाय बोलायला लागतात. विमानतळावरून एस-९ ही लोकल थेट 'मेसे झ्यूड' स्टेशनला जाते, तिथून प्रदर्शनाचं दार जवळ. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात. मैदानाजवळचं हॉटेल शोधण्यापेक्षा याच लोकलच्या मार्गावर दूर राहिलात तरी चालेल.

दालनांमध्ये

पहिल्या दिवशी सकाळी आत शिरल्यावर आपल्या लोकांची सवय असते ती भारताच्या दालनाकडे जाण्याची. जा, अपेडाच्या अधिकाऱ्यांना भेटा, नाशिक-सांगलीचे निर्यातदार भेटतील, चहा घ्या, मराठीत बोला. पण अर्ध्या तासात निघा. मी पाहिलं आहे, की आपली माणसं तिथेच खुर्च्या ओढून बसतात आणि गावच्या गप्पा सुरू होतात. त्या गप्पा पिंपळगावच्या मार्केट यार्डातही होतात. इथे आलोय ते दुसऱ्यांकडे काय आहे ते बघायला.

पेरूपासून सुरुवात करा. त्यांच्या सगळ्या निर्यातदारांचे स्टॉल एकाच नावाखाली, एकाच रंगात असतात. 'सुपरफूड्स पेरू' ही त्यांची देशाची ओळख त्यांनी २०१७ मध्ये याच बर्लिनच्या प्रदर्शनात जाहीर केली. पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर ठिबकवर द्राक्ष लावून त्यांनी काही वर्षांत जगातल्या आघाडीच्या निर्यातदारांत जागा मिळवली. त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबरला सुरू होऊन आपला माल युरोपात पोहोचतो तेव्हा संपत येतो. म्हणजे त्यांचा माल फेब्रुवारीत किती शिल्लक आहे यावर आपला सुरुवातीचा दर ठरतो. त्यांच्या माणसाला एकच प्रश्न विचारा: यंदा तुमचा शेवटचा कंटेनर कोणत्या आठवड्यात निघतोय? याचं उत्तर तो आनंदानं देतो, आणि ते उत्तर आपल्यासाठी सोन्याचं असतं. हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेच्या आणि चिलीच्या माणसाला विचारा. इजिप्तच्या माणसाला उलटा विचारा: तुमचा पहिला माल कधी? त्यांचा हंगाम मेच्या आसपास सुरू होतो. या दोन टोकांच्या मध्ये आपण बसतो.

मग द्राक्ष हातात घ्या. मांडून ठेवलेल्या ढिगातून उचलू नका, तो शोभेचा असतो. विचारा, ते चाखायला वेगळा पनेट काढून देतात. लगेच तोंडात टाकू नका. आधी पनेट उलटा करून तळ बघा, सुटे मणी किती पडलेत, ओल आहे का. मग देठ बघा. मधला दांडा हिरवा आहे की तपकिरी, आणि मण्याला धरणारी बारीक काडी सुकली आहे का. पेरूचा तो घड डिसेंबरात तोडलेला असू शकतो, म्हणजे सहा-सात आठवडे जुना, आणि तरी दांडा हिरवा असतो. हे बघताना आपल्या प्रीकूलिंगला गाडी किती तास उशिरा पोहोचते ते आठवतं. मण्याच्या देठाजवळ पांढरट डाग असेल तर ग्रेपगार्डचा गंधक जास्त झालाय. मग एक मणी घडाच्या खांद्यावरचा आणि एक टोकाचा खा. टोकाचा मणी खरं बोलतो. दोघांच्या गोडीत फार फरक नसेल तर घड नीट पिकला आहे. साल जिभेला लागते का, दात लावल्यावर कुरकुरीत तुटतो की दबतो, गिळल्यावर मागे आंबट उरतं की नाही, हे त्याच जागी वहीत लिहा. चार देशांची द्राक्षं एका दुपारी अशी खाल्ली की आपल्या थॉमसनची चव किती चांगली आहे हे कळतं, आणि आपला देठ, आकार आणि एकसारखेपणा कुठे कमी पडतो हेही कळतं. आपल्या मालाची चव आपल्या बाजूनं आहे, असं माझं ठाम मत आहे. आपण हरतो ते तोडणी आणि थंड साखळीच्या मधल्या तासांत.

इटलीच्या दालनात गेलात तर दक्षिणेकडच्या पुलिया प्रांताचे स्टॉल शोधा. ते लोक मांडवावरच्या द्राक्षांना वरून प्लास्टिक घालतात. कधी लवकर पिकवायला, कधी पाऊस-गारांपासून वाचवून काढणी डिसेंबरपर्यंत लांबवायला. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी अवकाळीनं घड कुजतात, फुलोऱ्यात डाऊनी येतो, आणि प्लास्टिक आच्छादनाचा विषय पुन्हा निघतो. तो किती टिकतो, वाऱ्यात काय होतं, आत उष्णता किती वाढते, हे विक्रेत्याला विचारू नका, तिथल्या बागायतदाराला विचारा. इटलीच्या स्टॉलवर तो स्वतः उभा असतो.

ज्यांच्याकडे टोमॅटो आहे त्यांनी हॉलंडचं दालन चुकवू नये. आपण वीस किलोच्या क्रेटमध्ये जो माल ओततो, त्याच पिकाची छोटी, गोड जात ते पाव किलोच्या डबीत, मुलांनी येताजाता खायचा खाऊ म्हणून विकतात.

खाणं

प्रत्येक देशाच्या दालनात काही ना काही खायला असतं, आणि ते फुकट मिळतंय म्हणून खाऊ नका, त्यांचा माल ते ताटात कसा बसवतात ते बघायला खा. पेरूचे लोक 'सेविचे' करतात. लाल कांदा उभा पातळ चिरून, लिंबू, मिरची, आणि कच्चा मासा. कांदा-लिंबू-मिरची बघून आपला हात पुढे होतो, पण मासा आहे हे शाकाहारी माणसानं आधी विचारावं. 'पिस्को सावर' हे त्यांचं मानाचं पेय द्राक्षाच्या दारूचं, लिंबू, साखर आणि अंड्याचा पांढरा भाग घालून केलेलं. पिस्को नक्की कोणाची यावर पेरू आणि चिलीचं जुनं भांडण आहे, तिथे मत देऊ नका. स्पेनच्या स्टॉलवर पातळ कापलेलं जे लाल काहीतरी पावावर देतात ते डुकराचं मांस. इटलीचं पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजलेलं असतं. इजिप्तच्या बाजूला बाकल्याच्या दाण्यांचे तळलेले वडे मिळाले तर निर्धास्त खा, चव घरच्यासारखी लागते. खजूर, अंजीर, मेक्सिकोचा ॲव्होकाडो, इक्वेडोरची केळी, यांत काळजी नाही. जर्मनीत 'वेगेटारिश' एवढा एक शब्द पुरतो, आणि बर्लिनमध्ये तो सगळ्यांना समजतो.

सकाळी हॉटेलवर पोटभर खाऊन निघा. दुपारी हॉलमधलं जेवण महाग आणि रांग लांब. पर्समध्ये एक दशमी आणि चटणी ठेवली तर दोनच्या सुमाराला तुम्ही बसून वही पूर्ण करता आणि बाकीचे रांगेत उभे असतात.

बोलणं, आणि काय कबूल करायचं नाही

सुपरमार्केटचे खरेदीदार पहिल्या दोन दिवसांत ठरवलेल्या भेटींमध्ये गुंतलेले असतात. आधी ई-मेल केला नसेल तर त्यांच्यामागे धावू नका. आयातदार कंपन्यांच्या स्टॉलवर दुपारी चारनंतर गर्दी ओसरते, तेव्हा दहा मिनिटं मागा. शेवटच्या दिवशी दुपारनंतर स्टॉल आवरायला लागतात, त्या भरवशावर राहू नका.

बोलताना दोन विषय नक्की निघतात. पहिला औषधांच्या अंशांचा. २०१० मध्ये आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट, म्हणजे आपल्या लिहोसीनमधला घटक, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि युरोपात कंटेनर अडकले, हे तिथले जुने लोक विसरलेले नाहीत. लिहोसीनच्या एका चुकीची किंमत शेकडो बागायतदारांनी मोजली. त्यानंतर आपण किती बदललो हे अभिमानानं सांगा. प्रत्येक निर्यात प्लॉटची ग्रेपनेटवर नोंद असते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी आपण पाळतो. पण समोरचा जे सांगेल ते लिहून घ्या. काही जर्मन सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेवर थांबत नाहीत, तिच्या एक तृतीयांशाच्या आत अंश मागतात, आणि एका नमुन्यात किती वेगवेगळी औषधं चालतील याचीही संख्या ठरवतात. आपल्या औषधांच्या वेळापत्रकावर याचा थेट परिणाम होतो.

दुसरा विषय बोटीचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि न्हावाशेवा ते रॉटरडॅम प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. तेव्हापासून 'तुमचं द्राक्ष किती दिवस टिकतं' हा प्रश्न 'किती गोड आहे' याच्या आधी येतो. उत्तर अंदाजानं देऊ नका. जाण्याआधी आपल्याच बागेतल्या काही पेट्या पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून दर आठवड्याला उघडून बघा आणि फोटो ठेवा. असा फोटो दाखवणारा बागायतदार त्यांना क्वचित भेटतो.

आणि आता जे कबूल करायचं नाही ते. कन्साइनमेंटवर, म्हणजे माल पाठवा, विकला की खर्च वजा करून उरेल ते देऊ, अशा बोलीवर कोणाशीही स्वतः व्यवहार ठरवून येऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी. चाळीस फुटी कंटेनरमध्ये तेरा-चौदा टन माल जातो. तिकडे रिजेक्शन दाखवलं की तो बघायला तुम्ही तिथे नसता. किमान हमी दर, पैसे किती दिवसांत, क्लेम कोण आणि कुठे तपासणार, हे लेखी नसेल तर हसून कार्ड घ्या आणि पुढे व्हा. घरी येऊन ते नाव आपल्या निर्यातदाराला, आपल्या उत्पादक कंपनीला, अपेडाच्या मुंबईच्या कार्यालयाला विचारा. आपल्या तालुक्यात व्यापारी पैसे बुडवून गेल्यावर कुटुंबाचं काय होतं हे सगळ्यांनी जवळून पाहिलंय. परदेशातला बुडीत पैसा तर पोलीस ठाण्यातही सांगता येत नाही.

नवे वाण आणि काडी

वाण तयार करणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल म्हणजे या प्रदर्शनाचा जीव. ब्लूम फ्रेश, सन वर्ल्ड, आरा वाणांची ग्रापा. त्यांचे मणी बघून आपला बागायतदार थक्क होतो, कारण थिनिंग आणि डिपिंगवर आपण जो खर्च करतो त्यातला बराचसा त्या वाणाच्या अंगातच भागतो. ते वाण परवान्याशिवाय लावता येत नाहीत, आणि परवाना म्हणजे दर एकरी किंवा दर पेटी रॉयल्टी. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं आरा वाण रीतसर परवान्यानं आपल्याकडे लावले आहेत, तिथल्या बागायतदारांशी जाण्याआधी बोला म्हणजे प्रश्न नेमके विचारता येतील. बहर किती लागतो, आपल्या उन्हात रंग येतो का, दोनदा छाटणीच्या पद्धतीला वाण मानवतो का.

कोणी काडी देऊ केली तर घेऊ नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवान्याशिवाय रोपं-काड्या देशात आणता येत नाहीत, आणि त्यामागचं कारण कागदी नाही. एका काडीबरोबर आलेला विषाणू किंवा कीड अख्ख्या पट्ट्याची बाग बसवू शकते. तास-ए-गणेश तासगावकडच्या शेतकऱ्यानं थॉमसनमधून निवडलं, शरद सीडलेस आणि सोनाका नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी. आपल्या बागायतदाराच्या नजरेनं वाण शोधता येतो हे सिद्ध झालेलं आहे, बॅगेतून चोरून आणायची आपल्याला गरज नाही.

बरोबर कोण

दहा जणांचा घोळका करून जाऊ नका. घोळक्यात आपण एकमेकांशीच बोलतो आणि स्टॉलवरचा माणूस मागे सरकतो. दोघांनी जावं. त्यातलं एक, माझ्या मते, घरातली ती बाई असावी जी हंगामात पॅकिंगवर उभी असते. घड हातात आल्याबरोबर कोणता मणी काढायचा, कोणता घड एक्स्पोर्टचा आणि कोणता लोकलचा हे तिच्या बोटांना कळतं. प्रदर्शनातला पनेट ती उघडेल तेव्हा तुम्हाला न दिसलेल्या चार गोष्टी तिला दिसतील. इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. फोनमधलं भाषांतर आणि द्राक्षाचा पनेट, दोन्ही बाजूंना समजतं. आपल्या घरांत परदेशवारी पुरुषाची आणि पॅकहाऊस बाईचं, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली आहे. ती इथे मोडा.

रोज रात्री दोघांनी मिळून दहा मिनिटं मराठीत आवाज रेकॉर्ड करा: आज काय पाहिलं, कोण भेटलं, कोणता आकडा ऐकला. कार्डांच्या मागे भेटीचा विषय लगेच लिहा, नाहीतर चौथ्या दिवशी सगळी कार्डं सारखी दिसतात.

परत याल तेव्हा काढणी चालू असेल. तरी आठवड्याच्या आत ज्यांच्याशी नीट बोलणं झालं त्या पाच-सहा जणांना दोन ओळींचा ई-मेल आणि आपले काढणीचे आठवडे पाठवा. हे काम मुलाला द्या, पण पत्र गेलं की नाही ते स्वतः बघा. बाकी सगळं मे महिन्यापर्यंत बाजूला ठेवा. खरड छाटणी आटोपली की वही काढा, पेरूच्या माणसानं सांगितलेला शेवटचा आठवडा शोधा, त्यात बोटीचे दिवस आणि बागेचे दिवस उलटे मोजा, आणि सप्टेंबरात कोणत्या प्लॉटला आधी कात्री लावायची ते ठरवा.